पहारा इथे, नोंद तिथे

झाशीहून बोलतोय.

राणीच्या पत्रांवरचा भाग ऐकल्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. इंदूरहून आला, बेळगावहून आला, हैदराबादहून आला. ‘झाशी संस्थानचं दप्तर झाशीत कुठे पाहायला मिळेल?’ निवृत्तीनंतर इथे घर केलं तेव्हा मीही हाच प्रश्न घेऊन गावभर फिरलो होतो. किल्ला आहे, राणीमहाल आहे, गणेशमंदिर आहे, सरकारी संग्रहालय आहे. पण राज्य ज्या कागदावर चालायचं तो कागद, म्हणजे रोजकीर्द, जमाखर्च, आल्यागेल्या पत्रांच्या नकला, माझ्या हाती इथे काही लागला नाही. जे वाचलं ते सगळं दिल्लीत, पुण्यात किंवा छापील पुस्तकांत.

आजचा विषय त्यातूनच सुचला, पण वळण जरा वेगळं आहे. संगणकांवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या यंत्रणा जी मोजमापं घेतात, ती दुसरीकडच्या डेटाबेसमध्ये पाठवून वर्षानुवर्षं का जपायची, हा आजचा विषय. दचकू नका. वाट झाशीतूनच जाते.

एप्रिल १८५८. सर ह्यू रोजच्या फौजा शहरात शिरल्या. ४ तारखेच्या रात्री राणी किल्ल्यातून निघून गेली. पुढचे काही दिवस शहरात लूट आणि कत्तल चालली. त्या वेळी शहरात अडकलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये हे सगळं लिहून ठेवलं आहे. त्यात राजवाड्यातल्या पुस्तकालयाची धूळधाण झाल्याचंही येतं. नेवाळकरांचं हे पुस्तकालय साधं नव्हतं. काशीच्या विद्वानांना एखादा ग्रंथ हवा असला तर तेही इथून नक्कल करून नेत, असं गोडसे सांगतात. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. मूळ पोथी झाशीत गेली असेल, पण ज्या पोथीची नक्कल काशीला पोचली होती ती पोथी म्हणून वाचली. नक्कल करून नेणाऱ्याला झाशी पडेल असं थोडंच वाटलं होतं? त्याला फक्त ग्रंथ हवा होता.

राणीच्या पत्रांचंही तेच. जून १८५७ मध्ये, झोकनबागेतल्या कत्तलीनंतर चारच दिवसांनी, १२ आणि १४ तारखेला तिने सागरचा कमिशनर अर्स्किन याला दोन पत्रं लिहिली. ती आज आपण वाचू शकतो, कारण ती ज्याला पाठवली त्याच्या सरकारने फायलीत लावून ठेवली. बरं, फायलीत आपल्याला भेटतं ते इंग्रजी भाषांतर. राणीचे नेमके शब्द कोणते होते यावर इतिहासकार अजून डोकं खाजवतात. २००९ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत तिचं डलहौसीला लिहिलेलं एक पत्र उजेडात आलं, तेही एका इंग्रज अधिकाऱ्याच्या संग्रहातून. म्हणजे झाशीची बाजू मांडणारा कागद जपला कोणी, तर झाशी घेणाऱ्यांनी. बाहेर ठेवलेली नोंद वाचते हे खरं, पण ज्याच्या कपाटात ती वाचते तो ती आपल्या भाषेत ठेवतो, हेही तितकंच खरं. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

गोडसे भटजींच्या पुस्तकाची गोष्टही ऐका. त्यांनी आठवणी लिहिल्या १८८३ च्या सुमारास, म्हणजे प्रसंगानंतर पंचवीस वर्षांनी. हस्तलिखित चिंतामणराव वैद्यांकडे दिलं. सरकारची भीती होती, त्यामुळे ते छापून यायला १९०७ साल उजाडलं, तोवर भटजी हयात नव्हते. वैद्यांनी छापताना भाषा सुधारली, काही गाळलं, काही नटवलं. पुढची साठेक वर्षं लोकांनी तीच आवृत्ती खरी मानली. पण मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुखरूप होतं. १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी ते जसंच्या तसं छापलं, आणि भटजी खरोखर काय म्हणाले ते कळलं. वैद्यांवर मी रागावत नाही, त्यांनी छापलं नसतं तर कदाचित काहीच उरलं नसतं. मात्र कच्चा माल जपलेला होता म्हणून चूक दुरुस्त करता आली.

आता संगणकाकडे येऊ. माझी भाची पुण्यात एका कंपनीत काम करते. तिचं काम म्हणजे सर्व्हरवर पहारा. शेकडो यंत्रं चालू असतात. प्रत्येकाचा प्रोसेसर किती तापलाय, मेमरी किती भरलीय, डिस्कवर किती जागा उरलीय, आलेल्या विनंतीला उत्तर द्यायला किती वेळ लागला, हे आकडे दर पंधरा सेकंदांनी, दर मिनिटाला गोळा होतात. यांना मेट्रिक्स म्हणतात. मोजमाप, वेळ, आणि कोणत्या यंत्राचं आहे त्याचं लेबल, एवढंच एका नोंदीत असतं. फौजेतला पहारेकरी रजिस्टरमध्ये लिहितो ना, ‘०२०० वाजता, चौकी तीन, सर्व ठीक’, तसंच.

दिवाळीला आली होती तेव्हा सहज म्हणाली, ‘मामा, आमच्याकडे पंधरा दिवसांपूर्वीचं काही राहतच नाही.’ मी म्हटलं, ‘अगं, म्हणजे?’ तेव्हा तिने सांगितलं, की हल्ली जगभर वापरली जाणारी प्रोमिथियस नावाची मॉनिटरिंग यंत्रणा, जी २०१२ मध्ये साउंडक्लाउड कंपनीत जन्मली, ती आकडे आपल्याच डिस्कवर ठेवते आणि वेगळं काही सांगितलं नाही तर पंधरा दिवसांनी पुसून टाकते. तिच्याआधीची पिढी आणखी कंजूष होती. १९९९ मध्ये टोबियास ओटिकर यांनी केलेल्या आरआरडीटूलची फाइल पहिल्या दिवशी जेवढी तेवढीच शेवटच्या दिवशी. जुन्या आकड्यांची सरासरी काढायची, तिचीही मुदत संपली की तिच्यावरच नवं लिहायचं, गोल गोल. डिस्क महाग होती तेव्हा हे शहाणपणाचंच होतं. आणि पहाऱ्याला पंधरा दिवस पुरतातही. आग लागलीय का हे पाहायला गेल्या वर्षीचा धूर लागत नाही.

पण मला माझ्या नोकरीतला एक प्रसंग आठवला. तिला सांगितला, तुम्हालाही सांगतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. मी तरुण कॅप्टन होतो, सिग्नल्समध्ये. डोंगरातल्या एका ठाण्यावर आमचं टेलिफोन एक्स्चेंज मोठ्या बॅटऱ्यांवर चालायचं. दर तासाला व्होल्टेज वाचून रजिस्टरमध्ये लिहायचं काम एका हवालदाराकडे होतं. साताऱ्याकडचा माणूस, अक्षर मोत्यासारखं. दर आठवड्याला त्या आकड्यांचा गोषवारा वर जायचा. गोषवारा म्हणजे काय, आठवड्याची सरासरी. सरासरी नेहमी ठीक.

एका हिवाळ्यात पहाटे बॅटरीच्या शेडला आग लागली. माणूस कोणी गेला नाही, पण एक्स्चेंज गेलं, आणि दोन दिवस तो सगळा भाग मुका झाला. चौकशी बसली. हवालदाराचं म्हणणं, ‘साहेब, पहाटे तीन ते पाचमध्ये व्होल्टेज महिनाभर कोसळत होतं, मी रोज लिहिलंय, तोंडी सांगितलंही आहे.’ रजिस्टर कुठे? शेडमध्ये. शेडबरोबर जळालं. मागच्या हिवाळ्याचं रजिस्टर? मुदत संपली म्हणून नियमाप्रमाणे नष्ट केलेलं. वर पाठवलेल्या गोषवाऱ्यात काय? सरासरी ठीक. रात्रीचे दोन वाईट तास दिवसाच्या बावीस चांगल्या तासांत विरघळून गेले होते. हवालदारावर निष्काळजीपणाचा ठपका आला, आणि त्याची नायब सुभेदारी हुकली. मी त्याच्या बाजूने साक्ष दिली, पण आकड्याशिवाय साक्षीला वजन नसतं. ते रजिस्टर रोज कार्बन लावून दुसऱ्या इमारतीत पाठवायला काय लागलं असतं? एक कार्बन पेपर. हे मला सुचायला हवं होतं. तो माझा विभाग होता.

आता याच्या नेमकी उलट गोष्ट. ती घडली झाशीनंतर जवळजवळ दीड वर्षाने, आपल्याच मुंबईत.

कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा काढली. काम मुळात ताऱ्यांचं आणि जहाजांना अचूक वेळ देण्याचं. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. त्यामागे युरोपातली एक मोहीम होती. जर्मनीत गॉस आणि वेबर यांनी १८३० च्या दशकात चुंबकीय निरीक्षणांचा संघ उभा केला होता. वेगवेगळ्या देशांतल्या वेधशाळांनी ठरलेल्या दिवशी, गटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे, एकाच क्षणी मोजायचं आणि आकडे गटिंगेनला पाठवायचे. विचार करा, तार अजून घरोघरी नाही, रेल्वे नुकती रांगतेय, आणि हे लोक मोजणाऱ्या जागा अनेक आणि साठवणारी जागा एक अशी यंत्रणा चालवताहेत. इंग्रजांनी पुढे तिचा विस्तार केला. मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई ही कंपनीच्या वाट्याची ठाणी.

मराठी माणूस इथे सुरुवातीपासून आहे. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर काही काळ या वेधशाळेचे प्रमुख होते. आणि १८४० मध्ये तिथे पन्नास रुपये पगारावर पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा नोकरीला लागला, अलिबागजवळच्या नागावचा. तो केरो लक्ष्मण छत्रे, पुढे टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले केरूनाना. सुमारे दहा वर्षं त्यांनी तिथे चुंबकत्वाची आणि हवामानाची निरीक्षणं घेतली. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणाऱ्या माणसाचा हात आकड्यांवर कुठे बसला, तर इथे.

काम कसं चालायचं? एक चुंबक दोऱ्यांवर टांगलेला. त्याला छोटा आरसा. समोर काही अंतरावर दुर्बीण आणि मोजपट्टी. चुंबक केसभर हलला तरी आरशातला पट्टीचा आकडा सरकतो. निरीक्षकाने डोळा लावायचा, आकडा लिहायचा, शेजारच्या थर्मामीटरचा आकडा लिहायचा, कारण उष्णतेने चुंबकाची ताकद बदलते. तासाभराने पुन्हा. दिवसा, रात्री, पावसाळ्यात, दिवाळीत. चुंबक अस्वस्थ दिसला तर तासाची वाट न पाहता पंधरा-पंधरा, पाच-पाच मिनिटांनी वाचायचं असा शिरस्ता. आणि वर्षाअखेरीस हे सगळे आकडे, हो, सगळे, खंडात छापायचे आणि प्रती देशोदेशीच्या वेधशाळांना आणि ग्रंथालयांना धाडायच्या.

माझ्या मते सगळं मर्म या छापण्यात आहे. जवळच लखनौला अवधच्या नवाबाने उत्तम वेधशाळा उभारली होती, तारावाली कोठी. १८४९ मध्ये ती बंद झाली. तिथली निरीक्षणं ग्रंथरूपाने छापलीच गेली नाहीत, आणि १८५७ च्या धामधुमीत उपकरणंही नाहीशी झाली. आज लखनौची ती वर्षं आपल्याला कोरी आहेत.

१८५९. एप्रिलमध्ये इथून शंभरेक किलोमीटरवर, शिवपुरीला, तात्या टोपे यांना फाशी दिलं. देश थकून निजला होता. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा हौशी खगोलज्ञ सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होता. सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटांनी त्याला डागांच्या घोळक्यातून दोन पांढरेशुभ्र झोत उसळताना दिसले. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं. अमेरिकेत तारयंत्रं बॅटरी काढून नुसत्या आकाशातल्या विजेवर चालली. ध्रुवप्रदेशातला रंगीत प्रकाश उष्ण कटिबंधाच्या उंबऱ्यापर्यंत दिसला. लंडनजवळ क्यू इथे छायाचित्रावर आपोआप नोंद करणारं नवं यंत्र होतं. त्याची रेघ कागदाबाहेर निघून गेली.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. लेफ्टनंट फर्ग्युसन वेधशाळेचे प्रमुख होते, दुर्बिणीपाशी त्यांचे सहायक. यंत्र जुनं, हाताने वाचायचं. त्यांनी शिरस्त्याप्रमाणे वाचन जवळजवळ आणलं आणि आकडे लिहीत राहिले. चुंबकत्वाचा आडवा घटक, जो मुंबईत साधारण ३७-३८ हजार नॅनोटेस्ला असतो, तो तासा-दोन तासांत सुमारे १६०० ने घसरला आणि पुन्हा वर आला. त्या सहायकांना आपण काय पकडलंय याची कल्पना नसणार. सूर्यावरच्या ज्वालेचा आणि पृथ्वीवरच्या वादळाचा खरंच संबंध आहे का, हेसुद्धा तेव्हा कोणाला नक्की सांगता येत नव्हतं. आकडे खंडात छापले गेले, खंड कपाटांत गेले.

१४४ वर्षं गेली. १३ मार्च १९८९ ला एका चुंबकीय वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली, साठ लाख लोक अंधारात. तेव्हापासून वीज कंपन्यांना, उपग्रहवाल्यांना एक प्रश्न छळू लागला. यापेक्षा वाईट किती वाईट असू शकतं? उत्तर भविष्यात नव्हतं, जुन्या वह्यांत होतं. २००३ मध्ये अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्षसिंग लाखिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुलाब्याचे ते आकडे उघडले आणि १८५९ चं वादळ किती मोठं होतं याचा अंदाज मांडला. १९८९ च्या वादळाचा निर्देशांक उणे ५८९ होता. यांचा १८५९ साठीचा अंदाज उणे १७६०. जगभरच्या वेधशाळा त्या दिवशी एक तर पट्टीबाहेर गेल्या होत्या, किंवा इतक्या उत्तरेला होत्या की ध्रुवीय प्रवाहांनी नोंद गढूळ झालेली. विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळची, पूर्ण अशी नोंद होती ती कुलाब्याची.

आता गंमत पाहा. २००६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी म्हटलं, हा निर्देशांक तर तासाच्या सरासरीवर काढायचा असतो, मग कुलाब्याच्या आकड्यांचीही तासाची सरासरी घेऊ. घेतली. उणे १७६० चे झाले उणे ८५० च्या आसपास. आकडे तेच, यंत्र तेच, फक्त सरासरी. त्यांची पद्धत चुकीची नव्हती, तुलनेसाठी ती हवीच. पण कुलाब्याच्या माणसांनी जर फक्त तासाची सरासरी छापली असती, तर ती खोल घसरण कायमची बुजली असती, आणि कोणाला पत्ताही लागला नसता. माझ्या हवालदाराच्या पहाटेच्या व्होल्टेजसारखी. वाद आजही चालू आहे. २०२२ मध्ये जपानचे हिसाशी हायाकावा आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मूळ खंड उघडून आडव्या घटकाबरोबर बाकीच्या दोन घटकांचाही त्या दिवसांचा माग काढला. वाद करता येतोय, कारण आकडे आहेत.

भाचीला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, ‘म्हणून थॅनोस नुसती सरासरी ठेवत नाही, मामा.’ थॅनोस ही दीर्घकाळ साठवणुकीची एक प्रणाली. ती जुने आकडे पाच मिनिटांच्या आणि मग एका तासाच्या गाठोड्यात बांधते, पण प्रत्येक गाठोड्यावर किमान किती, कमाल किती, बेरीज किती, नोंदी किती हे वेगळं लिहून ठेवते. जागा वाचते आणि खड्डाही दिसत राहतो. मला हे फार आवडलं. आमच्या गोषवाऱ्यात ‘आठवड्यातलं सर्वांत कमी व्होल्टेज’ असा एक रकाना असता तर एका माणसाची नायब सुभेदारी वाचली असती.

कुलाब्याची गोष्ट अजून एका वळणावर येते. १९०० च्या सुमारास मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. रुळांतून परतणारा वीजप्रवाह चुंबकाच्या सुईला भ्रम पाडणार हे उघड होतं. वेधशाळेचे तेव्हाचे संचालक नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस, जन्माचं साल योगायोगाने १८५९. त्यांनी खाडीपलीकडचं अलिबाग निवडलं. तिथे लोखंडाचा खिळाही न वापरता, तपासून घेतलेल्या पोरबंदरी दगडाची इमारत बांधली. १९०४ मध्ये अलिबागला मोजणी सुरू झाली. पण कुलाब्याची लगेच बंद केली नाही! दोन वर्षं, १९०६ पर्यंत, दोन्हीकडे एकाच वेळी आकडे घेतले, म्हणजे जुन्या आणि नव्या जागेतला फरक नेमका कळावा आणि साखळी तुटू नये. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. मग मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतचे सगळे आकडे एकत्र करून १९१० मध्ये दोन जाडजूड खंड छापले. जी यंत्रणा बदलायची आहे ती आणि नवी, दोन्ही काही काळ बरोबर चालवा, हे आजचे संगणकवाले शिकवणीत शिकतात. मूससाहेबांनी ते करून दाखवलं होतं.

अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. गोडसे भटजींचं वरसई पेण तालुक्यात, पेणहून अलिबाग तीसेक किलोमीटर. केरूनानांचं नागाव तर हाकेच्या अंतरावर. किनाऱ्यावर भजी खायला जाता तेव्हा त्या आवारासमोरून एकदा सावकाश जा. तिथले आकडे आता इंटरमॅग्नेट या जागतिक जाळ्यात जातात. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात जागतिक डेटा केंद्रं काढली तेव्हा एक संच अमेरिकेत, एक रशियात, आणखी युरोप आणि जपानमध्ये असे मुद्दाम दूरदूर ठेवले होते. शीतयुद्ध भरात होतं. दोघे एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसले होते, आणि दोघेही चुंबकाच्या आकड्यांची नक्कल एकमेकांकडे ठेवायला तयार होते. एक सैनिक म्हणून मला यापुढे हात जोडावेसे वाटतात.

तर संगणकात हे कसं करतात? दोन रीती आहेत, आणि दोन्ही आपण आताच पाहिल्या. एक म्हणजे आकडा आला की लगेच दुसरीकडच्या डेटाबेसला पाठवायचा. याला रिमोट राइट म्हणतात. तिकडे मिमिर असेल, व्हिक्टोरियामेट्रिक्स असेल, काहीही. दुसरी म्हणजे दोन-दोन तासांचे गठ्ठे बांधून ते दूरच्या कोठारात टाकायचे, जसे कुलाब्याचे वार्षिक खंड. पहिल्या रीतीत एक मेख आहे. समोरचा डेटाबेस बंद पडला तर प्रोमिथियस आपल्या रोजवहीत आकडे धरून पुन्हा पुन्हा पाठवत राहते. पण साधारण दोन तासांहून जास्त काळ तिकडून उत्तर आलं नाही, तर न गेलेले आकडे तिकडे कधीच पोचत नाहीत. वहीची जुनी पानं फाडली जातात. आणि तुमच्याकडची स्थानिक प्रत पंधरा दिवसांनी जाणार. म्हणजे दुरून पाठवण्यावरही पहारा हवा. गेलं की नाही, किती मागे पडलंय, हेही एक मेट्रिकच आहे. नवशिके नेमकं तेच पाहायचं विसरतात असं भाची सांगते.

लेबलांचंही तसंच. दोन शहरांतून दोन पहारेकरी एकाच कोठारात आकडे टाकू लागले आणि कोणाचा कुठला हे लिहिलं नाही, तर सगळी खिचडी. कुलाब्याच्या नुसत्या पट्टीवरच्या आकड्याला काडीचा अर्थ नव्हता. यंत्र कोणतं, पट्टीचा एक भाग म्हणजे किती, तेव्हा तापमान किती, हे सोबत छापलं होतं म्हणून दीडशे वर्षांनी तो नॅनोटेस्लात बदलता आला.

आणि आता तो सुरुवातीला राखून ठेवलेला मुद्दा. बाहेर ठेवायचं म्हणजे कोणाच्याही ओसरीवर टाकायचं नव्हे. सर्व्हरचे आकडे वरवर निरुपद्रवी दिसतात. पण कोणत्या रात्री कोणत्या कार्यालयाची यंत्रं अचानक राबायला लागली, एवढ्यावरून मी तुम्हाला तिथे काय शिजतंय ते बरंच सांगू शकेन. सिग्नल्समध्ये आम्ही शत्रूचा मजकूर फुटला नाही तर नुसती वायरलेसची वर्दळ मोजायचो. त्यामुळे स्वस्त मिळतंय म्हणून परदेशातल्या परक्या कोठारात सगळं ओतणं मला पटत नाही. कोठार दूर हवं, पण किल्ली आपली हवी, आणि मजकूर आपल्या भाषेत, म्हणजे कधीही दुसरीकडे उचलून नेता येईल अशा खुल्या स्वरूपात हवा. राणीचं पत्र इंग्रजी भाषांतरात वाचावं लागतं तशी पाळी आपल्या नातवंडांवर यायला नको. भाचीचं यावर माझ्याशी भांडण आहे. ती म्हणते, ‘मामा, छोट्या कंपनीला स्वतःचं कोठार परवडत नाही, आणि स्वतःचं कोठार चालवता न येणाऱ्यांचेच आकडे जास्त हरवतात.’ तिचंही खोटं नाही. पैशाचं गणित तिला कळतं, मला कळत नाही.

शेवटी तिच्या कंपनीत काय ठरलं ते सांगतो आणि थांबतो. मूळ आकडे तेरा महिने, म्हणजे गेल्या दिवाळीची गर्दी या दिवाळीशी ताडून पाहता येईल. पाच मिनिटांची गाठोडी, किमान-कमालसकट, पाच वर्षं. कोठार मुंबईत, त्याची दुसरी प्रत हैदराबादला. जुनी व्यवस्था आणि नवी व्यवस्था दोन महिने बरोबर चालवली. दोन महिने का, दोन वर्षं का नाही, असं मी विचारलं, तर हसली. म्हणाली, ‘मूससाहेबांना दर महिन्याला क्लाउडचं बिल येत नव्हतं, मामा.’

पुढच्या भागात केरूनाना छत्र्यांच्या पंचांगावर बोलू. नमस्कार.